पांढरा टाका

गिऱ्हाईक "कपड्यावर डाग नाही हं" असं न विचारता सांगायला लागलं, की मी आधी काख बघते. कपड्याची. ड्रायक्लीनिंगच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून माझे केस पांढरे झाले आणि एवढं एक कळलं, की ज्याला काही लपवायचं असतं तोच आधी बोलतो. म्हणून कपडा घेतानाच मी तो गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत उलटासुलटा करते, आणि जिथे भोक, उसवण, कसरीने खाल्लेलं दिसेल तिथे पांढऱ्या दोऱ्याचा एक टाका घालते. नंतर "हे तुम्हीच फाडलंत" म्हणायची सोय राहत नाही. कपडा परत देताना ते टाके उसवून टाकायचे. आणि खिसे तपासायचे. खिशात जे निघेल ते काउंटरवर ठेवायचं, ज्याचं त्याला द्यायचं आणि वर एक अक्षर विचारायचं नाही. हे आमच्या आईने घालून दिलेलं. दुकान तिचं, वरच्या तीन खोल्या तिच्या, आणि धाकटा भाऊ माझ्या पदरात टाकून गेली तीही तीच.

ते पुस्तक असंच खिशात सापडलं. दातांच्या डॉक्टरच्या राखाडी ओव्हरकोटात, आतल्या बाजूला. जपानी परीकथांचं, तळहाताएवढं, कोपरे दुमडलेलं. मी त्याच्यापुढे ठेवलं तर म्हणतो, "माझं नाही."

"तुमच्याच खिशात होतं," मी म्हटलं.

"असेल, पण माझं नाही," म्हणाला आणि कोट घेऊन चालता झाला.

आता धडधडीत स्वतःच्या खिशातलं पुस्तक माणूस का नाकारेल? मला तिथेच संशय आला. पुस्तक मी ड्रॉवरमध्ये टाकलं आणि दुपारी दुकान थंडावतं तेव्हा वाचायला काढलं. परीकथांची हौस म्हणून नव्हे. त्यात नाकारण्यासारखं काय आहे ते बघायला.

आणि खरं सांगते, पहिल्या गोष्टीपासून माझं डोकं फिरलं. नदीतून फळ वाहत येतं, म्हातारी ते घरी नेते, कापते, तर आत मूल. बरं, निघालं मूल. पण हे कोणाचं, कुठून आलं, शेजाऱ्यांना काय सांगायचं, एकालाही प्रश्न पडत नाही! पुढच्या गोष्टीत एक कोळी समुद्राखालच्या महालात जातो. तिथली राजकन्या निघताना त्याच्या हातात पेटी देते आणि म्हणते, उघडू नकोस. अगं बाई, उघडायची नव्हती तर दिलीस कशाला? बिचारा घरी येतो, सगळी माणसं मेलेली, एकटा पडतो, पेटी उघडतो आणि क्षणात म्हातारा होतो. पुस्तक म्हणतं चूक त्याची. मी म्हणते चूक देणारीची. एका गोष्टीत तर चहाच्या किटलीला पाय फुटतात, कारण ती मुळात किटली नसून कुठलंसं जनावर असतं. त्यानंतर मी आमच्या किटलीकडेही जरा नीट बघायला लागले.

त्या पुस्तकात जे समोर दिसतं ते ते नसतंच. आणि मला वाचता वाचता सारखी भावजय आठवायला लागली.

आमचे जुने रफूवाले काका डोळ्यांनी थकले तेव्हा दाराला पाटी लावली होती, रफूवाला पाहिजे म्हणून. ती पाटी वाचून ही आली, एका पिशवीनिशी. घरचं कोणी? "आता नाही." आधी काम कुठे केलंस? "एका दुकानात." कुठल्या? "लांब आहे." मी तिला परीक्षेला एक काळा कोट दिला, कोपरावर सिगारेटचं भोक पडलेला. संध्याकाळी कोट परत आला तेव्हा भोक कुठे होतं ते माझं मला सापडेना. मी, जिने तिथे स्वतः टाका घातला होता! ठेवून घेतली. धाकटा मागे मशीन आणि इस्त्री सांभाळतो, त्याचं लक्ष कपड्यांवरून उडालं, दोन पॅन्ट जाळल्या, आणि वर्ष उलटायच्या आत तो तिच्याशी लग्न करून मोकळा झाला. मी नाही म्हटलं नाही. तसं म्हणून काय उपयोग होता?

तिची एकच अट होती. रफू करताना ती मागच्या छोट्या खोलीत दार लावून बसणार, आणि तेवढा वेळ कोणी आत यायचं नाही. काकांनी कधी दार लावलं नव्हतं. ते तर रस्त्यावरची भांडणं बघत बघत रफू करायचे. मी म्हटलं, असेल एकेकाची तऱ्हा. पण ते मनात राहिलं.

आणि मग पुस्तकात ती पक्ष्याची गोष्ट आली. एक गरीब माणूस जखमी सारस सोडवतो. काही दिवसांनी दारात एक बाई येते, पुढचा मागचा पत्ता नाही. तिच्याशी तो लग्न करतो. ती म्हणते, मी विणते, पण विणताना दार लावेन, बघायचं नाही. विणलेलं कापड असं की बघत राहावं. ती मात्र दिवसेंदिवस वाळत जाते. शेवटी तो फटीतून बघतो, तर आत सारस स्वतःची पिसं उपटून विणतोय. पाहिलंस ना, आता मी राहत नाही, म्हणते आणि उडून जाते.

मी पुस्तक मिटलं. दोष त्या नवऱ्याला देतात, मी नाही देत. त्याचं घर, त्याची बायको, त्याने बघितलं तर काय आकाश कोसळलं? आणि मला तर पक्का संशय आहे की त्या बाईचं जायचं आधीच ठरलं होतं. सामान बांधून बसली होती, फक्त निमित्त हवं होतं. पण ते काहीही असो, मागे राहिला तो वेडा माणूस. आमचा धाकटा हुबेहूब तसाच आहे. ती गेली तर तो इस्त्रीवर हात ठेवून उभा राहील आणि हात भाजतोय हे त्याला कळणारही नाही. आणि माझ्याकडे त्याच्याशिवाय दुसरं आहे कोण?

तेव्हापासून मी भावजयीवर नजर ठेवली. दिसायला लागलं की दिसतच जातं. ती वाळली होती, हे खरं. जेवताना माझ्यासमोर मोजकं बोलायची. शेजारच्या कुत्र्याला बघून रस्ता ओलांडायची, आणि त्याच पुस्तकात माणसाच्या रूपातल्या कोल्ह्याला कुत्रे ओळखतात असं लिहिलं होतं. तसं त्या कुत्र्याला मीही घाबरते, पण माझी गोष्ट वेगळी. घरचे कपडे मशीनला जायच्या आधी माझ्याच हातून जातात. तिचे कपडे आले की मी ते जरा जास्तच वेळ बघायची. काय शोधत होते कोण जाणे. पीसबीस तर नक्कीच नाही.

मग एका सकाळी धाकट्याच्या पॅन्टच्या खिशात किल्ली सापडली. नवी कोरी. आमच्या घराची नाही, दुकानाची नाही, कपाटाची नाही.

तो आला तेव्हा मी किल्ली काउंटरवर ठेवली, गिऱ्हाइकापुढे ठेवते तशी. त्याचे कान लाल झाले. लहानपणापासून त्याचे कानच चहाडी करतात.

"ताई, ते..." तो म्हणाला.

"मी काही विचारलंय का?" मी म्हटलं.

त्याने किल्ली उचलली, खिशात टाकली आणि मशीन सुरू करून आवाजात लपला. त्या दिवशीही मी आईचा नियम पाळला. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. आणि त्याने सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं.

दुपारी मन रमवायला पुस्तक काढलं, तर आत दोन दोरे. एक माझा, पांढरा, मी खूण म्हणून ठेवते तो. दुसरा बाटलीच्या हिरव्या रंगाचा, एकपदरी, जेमतेम दिसेल एवढा बारीक. असला दोरा या घरात एकाच माणसाकडे असतो. म्हणजे ही मी वर जेवायला गेले की माझा ड्रॉवर उघडते! आणि मी अजून पोचलेच नव्हते अशा गोष्टीपाशी तिने खूण घातली होती. मला वाटलं, आता हिचं बिंग फुटलं. कुठे, कसं पळायचं ते हिने यात वाचलं असणार.

गोष्ट डोंगरातल्या म्हातारीची होती. एकटी राहणारी, पांढऱ्या केसांची, बोलायला गोड. वाटसरूला घरात घेते, खायला घालते, चुलीजवळ जागा देते. फक्त आतल्या खोलीत बघू नकोस म्हणते. वाटसरू पडल्या पडल्या ऐकतो, तर म्हातारी शेजारी बसून सुरा घासतेय दगडावर. घासते, धार बघते, त्याच्याकडे बघते आणि पुन्हा घासते. मग त्याला आतल्या खोलीत माणसांची हाडं दिसतात आणि तो जीव घेऊन पळतो.

बरी होती गोष्ट. मी पान उलटणार होते. तेवढ्यात माझी नजर काउंटरवरच्या घासायच्या दगडावर गेली.

रोज संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मी कात्री घासते. तिथेच बसून. धार बघते. आणि समोर ती दिवसाचे रफू केलेले कपडे घडी करत असते, तिच्याकडेही बघते. पांढऱ्या केसांची मी. घर माझं. "खा गं, लाजू नकोस," असं गोड बोलणारी मी. मी तिला पक्षी तरी म्हटलं होतं, तेही मनात. हिने मला माणसं खाणारी थेरडी करून टाकलं!

पुस्तक घेऊन मी तडक मागे गेले. धाकटा "ताई, आत्ता नको, ती काम..." म्हणेपर्यंत मी दारावर थाप मारली होती. जोरात मारायची होती, हात हलकाच पडला.

"थांबा," आतून आवाज आला. जरा वेळाने दार उघडलं.

आत काही नव्हतं. म्हणजे दिवा होता, स्टूल होतं, भिंग होतं, लाकडी गोळ्यावर ताणलेली कुणाच्या कोटाची बाही होती. आणि टेबलावर एका ओल्या फडक्यावर कोटाच्याच आतल्या शिवणीतून काढलेले धागे ओळीने मांडलेले होते, केसाहून बारीक. दार उघडल्याच्या वाऱ्याने त्यातले बरेच उडून खाली गेले. भावजय त्यांच्याकडे बघत राहिली.

"म्हणून लावते दार," ती म्हणाली.

मी ओशाळले, पण पुरतं नाही. पुस्तक टेबलावर ठेवलं. "हा हिरवा दोरा तुझा?"

"हो."

"माझ्या ड्रॉवरमधून चोरून वाचतेस?"

"ड्रॉवरला कुलूप नव्हतं, ताई."

"ही म्हातारी म्हणजे मी?"

मला वाटलं होतं ती 'नाही हो, काहीतरीच काय' म्हणेल. तिने थोडा विचार केला. "आले तेव्हा नव्हतं वाटलं," ती म्हणाली.

"कात्री दुकानाची आहे. बोथट कात्रीने टाका उसवला तर कापड ओढलं जातं, एवढं तुला कळत नाही?"

"कळतं. माझीही कात्री मीच घासते."

"मग?"

ती उठली. खुंटीवरचा स्वतःचा तपकिरी स्वेटर काढला, उलटा केला आणि दिव्याखाली धरला. कॉलरवर पांढरा टाका. मनगटापाशी टाका. कोपरावर, काखेत, खालच्या पट्टीवर, जिथे जिथे लोकर विरली होती तिथे तिथे. मग तिने पिशवीतून झगा काढला. तोही तसाच. मग कोट.

"हे तुम्ही धुऊन परत दिलेले कपडे," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासूनचे. पहिल्यांदा वाटलं, चुकून राहिला असेल. मग प्रत्येक धुण्यात नवा टाका यायला लागला."

मला त्या टाक्यांची आठवणही नव्हती. गिऱ्हाइकाचा कपडा परत जातो तेव्हा टाके उसवायचे असतात. घरचे कपडे कुठे परत जातात? ते नुसते घडी होऊन वर जातात.

"अगं, सवय ती," मी म्हटलं. "हाताला लागलेली सवय. कपडा दिसला की हात आपोआप चालतो. त्यात मनावर घेण्यासारखं काय आहे?"

"मग यांच्या सदऱ्यांना एकही कसा नाही?" तिने विचारलं. भांडणाच्या सुरात नाही, खरंच उत्तर हवं असल्यासारखं.

धाकट्याच्या सदऱ्यांची कॉलर कुरतडलेली असते. बाह्यांना इस्त्रीचे डाग असतात. मी आजवर त्यांना एक टाका घातलेला नाही. उत्तर होतं, पण ते तोंडातून काढण्यासारखं नव्हतं, आणि ते तिलाही माहीत होतं.

ती स्टुलावर बसली. "आधीच्या दुकानात मालक माझ्या मागे उभा राहायचा. हाताकडे बघत. बघितलं की माझा हात कापतो. म्हणून इथे आल्यावर आधी दार मागून घेतलं. तर तुम्ही कपड्यांतून बघायला लागलात."

"म्हणून उडून जाणार?"

"खोली बघितली आहे. त्या बेकरीच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. यांना नव्हतं जायचं. मीच मागे लागले."

म्हणजे ती किल्ली त्या खोलीची. मला रडू येत होतं आणि मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी भांडायला लागले. "त्या सारसाच्या गोष्टीत कोणाचं चुकलं सांगू का? तिचं. दार का लावते ते तिने एका वाक्यात सांगायचं होतं. वाऱ्याने दोरे उडतात म्हणायचं होतं. तो काय खाणार होता तिला?"

"त्याने विचारलं कुठे?" ती म्हणाली. "त्याने सरळ फटीला डोळा लावला."

सबंध घरात काहीही न विचारण्याचा मान मीच मिरवत होते.

मी एप्रनमधून छोटी कात्री काढली. तिची नजर चटकन कात्रीवर गेली, आणि पुस्तकाने नाही पण त्या नजरेने मला पटवलं. ही पोर खरंच घाबरते मला. "दे इकडे तो स्वेटर," मी म्हटलं. कोपऱ्यातलं खोकं ओढलं, त्यावर बसले आणि कॉलरचा टाका उसवायला घेतला. मग मनगटाचा. दोरे एप्रनच्या खिशात टाकत गेले. किती तरी होते. ती स्टुलावरून उठली. मग उडालेले धागे वेचायला वाकली, ते परत ओल्या फडक्यावर मांडले.

आणि मग ती उठली आणि तिने दार लावून घेतलं. मी आतच होते.

दुकान बंद करायच्या वेळेपर्यंत आम्ही दोघी तिथे होतो. मी तिच्या हाताकडे बघितलं नाही, देवाशपथ. एकदाच बघितलं. कापत नव्हता.

मला वाटलं, आता काही ही लोकं जात नाहीत. गेले. महिना संपायच्या आत धाकट्याने हातगाडी आणली आणि सामान हलवलं. मी जिन्यात उभी राहून गादी कुठे अडकते ते सांगत होते. वरच्या खोल्या एकदम मोठ्या झाल्या. किटलीत मी सवयीने तिघांचा चहा टाकायची आणि मग स्वतःवरच चिडायची. कामाला दोघं रोज येत होते म्हणा, तो मशीनवर, ती दाराआड. पण संध्याकाळी ते बाहेर पडले की मी कात्री घासायला मागच्या दाराबाहेर जाऊन बसायची. समोर कोणी नसलं तरी.

थंडी ओसरायला लागली तशी एका सकाळी भावजय मागच्या दाराने न येता पुढून आली. काउंटरसमोर गिऱ्हाइकासारखी उभी राहिली आणि गाठोडं माझ्यापुढे ठेवलं. "घ्या ताई. घरचे आहेत. तपासून घ्या."

"घरच्या कपड्यांना काय तपासायचं?" मी म्हटलं. माझ्या आवाजात काटा होता की नाही कोण जाणे.

"तपासा तर."

मी कोट उचलला. अस्तर काखेपाशी फाटलं होतं, आणि तिथे आधीच एक टाका होता. बाटलीच्या हिरव्या रंगाचा. तिने स्वतः घातलेला. खालची कड विरली होती, तिथेही हिरवा. जे काही बघण्यासारखं होतं ते तिने आपणहून दाखवून ठेवलं होतं. मी मान वर केली नाही. हात खिशात घातला, कारण खिसे तपासल्याशिवाय कपडा आत जात नाही. किल्ली निघाली. धाकट्याच्या पॅन्टमधून निघाली होती तशीच, पण हिला अजून कुणाचा हात लागलेला नव्हता. दाते नुकतेच कापलेले, चमकणारे.

मी ती काउंटरवर ठेवली. "खिशात होती," मी म्हटलं.

तिने किल्लीकडे बघितलं. "असेल," ती म्हणाली, "पण माझी नाही." आणि मागे जाऊन तिने दार लावून घेतलं.

मी एक अक्षरही विचारलं नाही. डोळे पुसले, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि पुढचा कपडा उलटा करायला घेतला.